त्सुगे योशिहारूच्या चित्रकथा

जपानी चित्रकथाकार त्सुगे योशिहारू (जन्म १९३७) याने १९५५ ते १९८७ या काळात प्रसिद्ध केलेले चित्रकथात्म साहित्य. जपानी प्रथेनुसार ‘त्सुगे’ हे कुलनाम आधी येते. युद्धोत्तर जपानमध्ये चित्रकथा (मांगा) हा मुख्यतः मुलांच्या करमणुकीचा व्यवसाय होता. त्या व्यवसायाच्या कडेला राहून, अल्प खपाच्या नियतकालिकांतून त्सुगेने लघुकथेच्या आकाराच्या ज्या थोड्या चित्रकथा प्रसिद्ध केल्या, त्यांमुळे या माध्यमाला आत्मनिष्ठ अभिव्यक्तीचे स्थान मिळाले. त्याची कीर्ती प्रामुख्याने ‘नेजी-शिकी’ (१९६८, म. अर्थ ‘स्क्रू-पद्धती’) या स्वप्नसदृश कथेवर अधिष्ठित असल्याने त्याची गणना सामान्यतः अतिवास्तववादी चित्रकथाकारांत केली जाते. तथापि त्याचे प्रकाशित साहित्य एकत्र पाहिल्यास असे दिसते, की त्यातील स्वप्ने आणि त्यातील दारिद्र्याचे वास्तव चित्रण यांचा उगम एकच आहे. कोणती कथा कोठे प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर लेखकाचे पोट भरले किंवा नाही, या प्रश्नांपासून तिचे स्वरूप वेगळे काढता येत नाही.

पार्श्वभूमी : त्सुगेचा जन्म टोकिओ येथे एका स्वयंपाक्याच्या कुटुंबात झाला. तो पाच वर्षांचा असताना वडील वारले. युद्धकाळ व त्यानंतरची टंचाई यांत त्याचे बालपण गेले. प्राथमिक शाळा संपताच तो विद्युत् विलेपनाच्या, म्हणजे धातूच्या वस्तूंना मुलामा देण्याच्या, लहान कारखान्यांत कामाला लागला. आम्लांच्या वाफा आणि कोंदट जागा यांचा हा अनुभव पुढे त्याच्या कथांत वारंवार येतो. किशोरवयात परदेशी जाणाऱ्या जहाजात लपून पळून जाण्याचा प्रयत्नही त्याने केला. चारचौघांत जाताच चेहरा लाल होण्याच्या भीतीने तो पछाडलेला होता. एकट्याने घरी बसून करता येईल असे काम म्हणून त्याने चित्रकथेचा व्यवसाय निवडला, असे त्याने स्वतःच नमूद केले आहे. पळून जाण्याची ओढ आणि माणसांची धास्ती, या त्याच्या साहित्यातील दोन प्रमुख प्रेरणा अशा रीतीने लेखनाला प्रारंभ होण्यापूर्वीच सिद्ध झालेल्या दिसतात. त्याचा धाकटा भाऊ त्सुगे तादाओ हाही पुढे चित्रकथाकार म्हणून प्रसिद्धीस आला.

भाड्याच्या पुस्तकांचा काळ (१९५५–६५) : ‘हाकुमेन याशा’ (१९५५) हे त्सुगेचे व्यावसायिक स्वरूपाचे पहिले पुस्तक. ते ‘काशिहोन’ बाजारासाठी, म्हणजे पुस्तके भाड्याने देणाऱ्या दुकानांसाठी तयार केलेले होते. त्या काळी जपानच्या शहरांतून कामगार वस्त्यांत अशी असंख्य दुकाने होती. विकत घेण्याची ऐपत नसलेला तरुण कामगारवर्ग तेथून अल्प मोबदल्यात पुस्तके नेत असे. या बाजारासाठी लहान प्रकाशक स्वस्त पुस्तके काढीत व चित्रकारांना पानांच्या हिशेबाने तुटपुंजा मोबदला देत. त्सुगेने या दहा वर्षांत तलवारबाजांच्या, गुन्हेगारीच्या आणि रहस्याच्या कथा मोठ्या संख्येने काढल्या. त्यांतील बहुसंख्य कथा मागणीनुसार रचलेल्या असल्या, तरी अंधारे जिने, एकाकी तरुण आणि अनपेक्षित, कडवट शेवट ही लक्षणे त्यांत आढळतात. याच बाजारात तात्सुमी योशिहिरो याने १९५७ च्या सुमारास ‘गेकिगा’ (म. अर्थ ‘नाट्यचित्रे’) ही संज्ञा रूढ करून प्रौढ वाचकांसाठी गंभीर चित्रकथेचा पुरस्कार केला होता.

मुलांसाठीची मोठी साप्ताहिके १९५९ मध्ये सुरू झाली, दूरचित्रवाणी घरोघर पोहोचू लागली आणि भाड्याच्या पुस्तकांचा धंदा ढासळला. त्यावर अवलंबून असलेल्या चित्रकारांची उपजीविकाच धोक्यात आली. त्सुगेला या काळात घरभाडे देणेही अशक्य होत असे. १९६२ मध्ये त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला. त्यातून तो वाचला. परंतु त्याच्या चित्रकथांना पुढे प्रकाशक मिळेल, अशी चिन्हे नव्हती.

‘गारो’ मासिक : नागाई कात्सुइची या प्रकाशकाने १९६४ मध्ये ‘गारो’ हे मासिक काढले. शिराटो सानपेई याची सरंजामी समाजातील शेतकरी व बहिष्कृत यांच्या लढ्यावरील ‘कामुइ-देन’ ही दीर्घ चित्रकथा प्रसिद्ध करणे, हा त्यामागील प्रमुख हेतू होता. भाड्याच्या पुस्तकांच्या काळातील चांगले चित्रकार एकत्र आणण्याचा शिराटो व नागाई यांचा प्रयत्न होता. परंतु त्सुगेचा पत्ता कोणालाच माहीत नव्हता. १९६५ च्या एप्रिल अंकात त्याने संपर्क साधावा, अशी विनंती छापण्यात आली. मासिकाने आपला लेखक शोधण्यासाठी स्वतःच्याच पानांत निवेदन द्यावे, हा प्रसंग जपानी चित्रकथेच्या इतिहासात विशेष प्रसिद्ध आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्ट अंकात त्सुगेची ‘उवासा नो बुशी’ ही कथा आली.

‘गारो’चे मानधन अल्प होते व पुढे तर ते देणेही मासिकाला शक्य झाले नाही. मात्र विषय, पृष्ठसंख्या व शेवट यांबाबत संपादकाचे बंधन नव्हते. या स्वातंत्र्याचा उपयोग त्सुगेने तत्काळ करून घेतला. ‘नुमा’ (१९६६, म. अर्थ ‘दलदल’) या कथेत शिकारीस आलेला एक तरुण दलदलीजवळ राहणाऱ्या मुलीच्या घरी रात्र काढतो. तिने पाळलेला साप रात्री आपल्या गळ्याला विळखा घालतो, असे ती सांगते. रात्री तरुणाचे हातही तिच्या गळ्याकडे जातात. सकाळी तो निघून जातो व दलदलीवर हवेत बंदूक झाडतो. कथेत याहून अधिक काही घडत नाही आणि कशाचा उलगडाही केला जात नाही. ‘चीको’ (१९६६) या कथेत अयशस्वी चित्रकथाकार व मद्यगृहात काम करून घर चालविणारी त्याची पत्नी यांनी पाळलेला लहानसा पक्षी नवऱ्याच्या हातून खेळता खेळता मरतो आणि तो पत्नीशी खोटे बोलतो. लेखकाच्या स्वतःच्या जीवनाशी जवळीक असलेल्या या कथेपासून जपानी ‘वाताकुशी-शोसेत्सु’ (आत्मपर कादंबरी) या साहित्यप्रकाराशी समांतर अशा ‘आत्मपर चित्रकथे’चा प्रारंभ झाला, असे मानले जाते.

या कथा प्रसिद्ध झाल्या तेव्हा बहुसंख्य वाचकांना त्या दुर्बोध वाटल्या. निराश झालेल्या त्सुगेने स्वतःचे लेखन जवळजवळ थांबविले व १९६६ मध्ये तो चोफू येथे मिझुकी शिगेरू या चित्रकथाकाराचा साहाय्यक झाला. भुताखेतांच्या कथांसाठी विख्यात असलेला मिझुकी साध्या, व्यंग्यचित्रात्म व्यक्तिरेखा अत्यंत तपशीलवार, गर्द छटांच्या पार्श्वभूमीवर ठेवीत असे. ही पद्धत त्सुगेने आत्मसात केली. साहाय्यकाच्या नोकरीमुळे पोटाची चिंता मिटली आणि आपल्या कथा विकल्या जातील की नाही, याचा विचार न करता लिहिणे त्याला शक्य झाले. १९६७–६८ मधील त्याच्या विलक्षण निर्मितीला हे आर्थिक कारणही होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

प्रवासकथा : या दोन वर्षांत ‘गारो’मध्ये जवळजवळ दर महिन्यास त्याची कथा येत गेली. ‘सान्शोउओ’ (१९६७) हे गटारात राहणाऱ्या एका सॅलॅमँडरचे स्वगत असून वाहत आलेला मानवी गर्भ ही काय वस्तू आहे, याचा तो प्राणी विचार करतो. ‘री-सान इक्का’ (१९६७) मध्ये एका पडक्या घराच्या माडीवर एक कोरियन कुटुंब राहावयास येते. जपानी समाजात दुय्यम लेखल्या गेलेल्या या लोकांचे चित्रण करताना त्सुगे दया किंवा उपदेश यांचा आश्रय घेत नाही. ‘उमिबे नो जोकेई’ (१९६७, म. अर्थ ‘समुद्रकाठचे दृश्य’) मध्ये एक तरुण भर पावसात थंड समुद्रात पोहत राहतो व एक तरुणी काठावरून ते पाहते. ‘आकाइ हाना’ (१९६७, म. अर्थ ‘लाल फुले’) मध्ये डोंगरातील एका ओढ्याकाठी चहाचे दुकान सांभाळणारी मुलगी वयात येते. ही घटना पाण्यात गळून पडणाऱ्या लाल फुलांच्या प्रतिमेतून सूचित केली आहे. तिला पाठीवर घेऊन चढण चढणारा खोडकर मुलगा हे या कथेचे अखेरचे दृश्य अत्यंत हृद्य आहे.

यानंतरच्या ‘होन्यारादो नो बेन-सान’ (१९६८) व तत्सम कथांत दूरच्या खेड्यांतील जुनाट उतारशाळा आणि त्यांचे विक्षिप्त मालक येतात. इबुसे मासुजी या कादंबरीकाराच्या वाचनाचा प्रभाव या कथांतील मिस्कील, संयत निवेदनावर जाणवतो. जपानची औद्योगिक भरभराट शिगेला पोहोचत असताना त्सुगे मुद्दाम त्या भरभराटीने वगळलेली ठिकाणे शोधीत होता. हे प्रवास निसर्गदर्शनासाठी नव्हते. जेथे आपल्याला कोणी ओळखणार नाही आणि आपणही कोणी नसू, अशा जागेचा तो शोध होता.

नेजी-शिकी : ‘गारो’ने जून १९६८ मध्ये त्सुगेच्या कथांचा खास अंक काढला. त्यासाठी लिहिलेली ही कथा अवघ्या २३ पृष्ठांची आहे. समुद्रातून बाहेर आलेल्या एका तरुणाला जेलीफिशने दंश केला असून त्याच्या डाव्या दंडाची रक्तवाहिनी तुटलेली आहे. उजव्या हाताने ती दाबून धरून तो एका कोळीवाड्यात वैद्याचा शोध घेतो. त्याला कोणी समजून घेत नाही. एका रस्त्यावर सर्वत्र नेत्रवैद्यांच्याच पाट्या आहेत. दुसऱ्या गावी नेणारी आगगाडी त्याला त्याच गावात परत आणते. गोळ्या विकणारी एक वृद्धा कदाचित आपली जन्मापूर्वीची आई असावी, असे त्याला वाटते. अखेर एक स्त्रीरोगतज्ञ स्त्री त्याच्या रक्तवाहिनीला पाण्याच्या नळासारखी चकती बसविते. ती आवळली की हात बधिर होतो.

आपण भाड्याने राहत असलेल्या जागेच्या छपरावर झोपलो असता पडलेल्या स्वप्नावरून ही कथा सुचली, असे त्सुगेने सांगितले आहे. तथापि ती स्वप्नाची केवळ नोंद नाही. तिच्यातील काही चौकटी त्या काळी प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांवर आधारलेल्या असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. ज्या जेलीफिशच्या दंशाने कथा सुरू होते, तिचे नावही मुद्रणातील एका योगायोगाने ठरले. हस्तलिखितात नावाच्या जागी दोन फुल्या घातलेल्या होत्या. जुळणी करणाऱ्याने त्या ‘मे’ या जपानी अक्षराच्या समजून ‘मेमे’ असे छापले. ते नाव कथेस अनुरूप वाटल्याने त्सुगेने पुढेही कायम ठेवले.

या कथेचे अर्थ अनेकांनी लावले. काहींनी मनोविश्लेषणाच्या आधारे तीत मातृशोध पाहिला. पहिल्याच चौकटीत आकाश व्यापणाऱ्या विमानाच्या काळ्या आकृतीवरून काहींना युद्धाची स्मृती जाणवली. येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. ज्या मिझुकीकडे त्सुगे काम करीत होता, त्याने दुसऱ्या महायुद्धात आपला डावा हात गमावला होता. तसेच स्क्रू, नळ व चकत्या या वस्तू मुलामा देण्याच्या कारखान्यात वाढलेल्या मुलाच्या परिचयाच्या आहेत. यूरोपीय अतिवास्तववाद्यांनी परस्परांशी संबंध नसलेल्या वस्तू बुद्धिपुरस्सर एकत्र आणल्या; त्सुगेच्या कथेतील वस्तू मात्र एकाच गरीब वस्तीतून आलेल्या आहेत. जखमी माणसाला उपचार मिळत नाही आणि मिळतो तेव्हा शरीराचे यंत्र होते, हा तिचा आशय एखाद्या वास्तववादी कामगारकथेतही शोभला असता.

१९६८ हे वर्ष जपानमध्ये विद्यार्थी-आंदोलनाचे आणि ‘आंगुरा’ म्हणजे भूमिगत रंगभूमी व चित्रपट यांच्या उत्कर्षाचे होते. ‘गारो’चा वाचकवर्ग बहुतांशी विद्यापीठांतील तरुणांचा असल्याने ‘नेजी-शिकी’ला तत्काळ व्यापक प्रतिसाद मिळाला. त्सुगे मात्र कोणत्याही चळवळीत सामील झाला नाही. पुढच्याच महिन्यात आलेल्या ‘गेन्सेनकान शुजिन’ (म. अर्थ ‘गेन्सेनकानचा मालक’) या कथेत उष्णोदकाच्या झऱ्यांच्या गावी आलेला प्रवासी तेथील उतारशाळेच्या मालकासारखा हुबेहूब दिसतो. शेवटी दोघे समोरासमोर उभे ठाकतात. वाऱ्याने भरलेली, जवळजवळ निःशब्द अशी ही अखेरची पाने त्याच्या रेखाटनकौशल्याचा परमोत्कर्ष मानली जातात. त्याच वर्षी, कीर्ती शिखरावर असताना, तो सर्व सोडून क्यूशू बेटाकडे निघून गेला. पूर्वी कधी न पाहिलेल्या एका वाचक स्त्रीबरोबर नवे आयुष्य सुरू करावे, असा त्याचा बेत होता. थोड्याच दिवसांत तो परतला. या प्रवासाचा वृत्तांत त्याने पुढे एका आत्मपर लेखात लिहिला आहे.

१९७० नंतरचे लेखन : ‘यानागिया शुजिन’ (१९७०) या कथेनंतर ‘गारो’मधील त्याचे लेखन संपुष्टात आले व एकूण निर्मितीही विरळ झाली. या काळातील कथा दोन ठिकाणी प्रसिद्ध झाल्या. ‘गारो’चा पूर्वीचा संपादक ताकानो शिन्झो याने काढलेल्या ‘याग्यो’ या अनियतकालिकात स्वप्नांवर आधारलेल्या कथा आल्या. दुसरीकडे, पुरुषांसाठीच्या व्यावसायिक मासिकांत बालपणीच्या व तरुणपणीच्या कठोर आठवणी आल्या. त्यांपैकी ‘ओबा देन्की मेक्की कोग्योशो’ (१९७३) ही मुलामा देण्याच्या कारखान्यातील बालकामगाराची कथा सर्वांत महत्त्वाची होय. रसायनांनी खंगलेले कामगार, मालकिणीने धंदा टाकून निघून जाणे आणि रिकाम्या कारखान्यात मागे राहिलेला मुलगा यांचे तीतील चित्रण भावविवशतेपासून पूर्णतः मुक्त आहे. स्वप्नकथांतील रेषा या काळात हेतुतः ओबडधोबड होत गेली आणि दृष्टिकोण विस्कटले. कारखान्याच्या कथांतील रेषा मात्र स्थिर व जड राहिली.

मुनो नो हितो : ‘कॉमिक बाकू’ हे त्रैमासिक १९८४ मध्ये निघाले. त्सुगेला लिहिते करणे हा त्याच्या संपादकाचा एक प्रमुख उद्देश होता. त्यात १९८५–८६ मध्ये ‘मुनो नो हितो’ (म. अर्थ ‘निरुपयोगी माणूस’) ही सहा प्रकरणांची मालिका प्रसिद्ध झाली. तिचा नायक एकेकाळचा नावाजलेला चित्रकथाकार असून चित्रकथा काढण्याचे टाळून तो जुने कॅमेरे विकण्यासारखे उद्योग करून पाहतो. अखेर तो तामा नदीच्या पात्रातील दगड त्याच नदीच्या काठी विकावयास बसतो. गिऱ्हाईक येत नाही. पत्नी त्याच्यावर संतापते; दम्याने त्रस्त असलेला मुलगा संध्याकाळी त्याला घरी न्यावयास येतो. शेवटच्या प्रकरणात इनोउए सेइगेत्सु या एकोणिसाव्या शतकातील निष्कांचन, भटक्या कवीची जीवनकथा गुंफली आहे. जपान संपत्तीच्या शिखरावर असताना लिहिलेली ही मालिका विनोदी असली, तरी तिच्यातील प्रश्न गंभीर आहे : ज्याला बाजारात किंमत नाही, त्या कामाचे आणि ते करणाऱ्या माणसाचे काय करावे? त्सुगे या नायकाला थोर ठरवीत नाही व हास्यास्पदही ठरवीत नाही. त्याची पत्नी, अभिनेत्री फुजिवारा माकी हिने लिहिलेली ‘वाताशी नो ए-निक्की’ (१९८२) ही सचित्र दैनंदिनी या कथांच्या शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे. नवऱ्याचे आजारपण व संसाराची ओढाताण यांची दुसरी बाजू तीत दिसते. चिंताविकृतीने ग्रस्त असलेल्या त्सुगेची ‘बेत्सुरी’ (१९८७) ही अखेरची चित्रकथा होय. त्याच वर्षी ‘कॉमिक बाकू’ही बंद पडले.

समीक्षा व प्रसार : चित्रकथेच्या गंभीर समीक्षेचा जपानमधील आरंभ त्सुगेशी निगडित आहे. इशिको जुन्झो, ताकानो शिन्झो प्रभृतींनी १९६७ मध्ये काढलेल्या ‘मांगा-शुगी’ या समीक्षापत्राचा पहिला अंक त्याच्यावरच होता. १९७६ मध्ये निघालेल्या स्वस्त आवृत्त्यांमुळे त्याच्या कथा भूमिगत वर्तुळाबाहेर पोहोचल्या व पुढे त्या सतत पुनर्मुद्रित होत राहिल्या. त्याच वर्षी ‘आकाइ हाना’वर आधारित दूरचित्रवाणी-नाट्य प्रक्षेपित झाले. ताकेनाका नाओतो (‘मुनो नो हितो’, १९९१) आणि इशिई तेरुओ (‘गेन्सेनकान शुजिन’, १९९३, ‘नेजी-शिकी’, १९९८) यांनी त्याच्या कथांवर चित्रपट काढले. ‘उमिबे नो जोकेई’ व ‘होन्यारादो नो बेन-सान’ या कथांवर मियाके शो याने काढलेल्या चित्रपटाला २०२५ मध्ये लोकार्नो महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

परभाषांत मात्र त्याचे साहित्य फार उशिरा गेले. ‘आकाइ हाना’चे इंग्रजी भाषांतर न्यूयॉर्कच्या ‘रॉ’ या प्रयोगशील नियतकालिकात १९८५ मध्ये आले. त्यानंतर पुस्तकरूपाने व्यापक प्रकाशन होण्यास फ्रेंचमध्ये २००४, तर इंग्रजीत २०२० हे वर्ष उजाडावे लागले. २०२० मध्ये फ्रान्समधील आंगूलेम येथील चित्रकथा-महोत्सवाने त्याचा सन्मान केला आणि त्याच वर्षी त्याच्या समग्र चित्रकथांची २२ खंडांची जपानी आवृत्ती निघू लागली. जपानच्या कला-अकादमीत २०२२ मध्ये चित्रकथेला प्रथमच स्थान देण्यात आले, तेव्हा निवडल्या गेलेल्या चित्रकथाकारांत त्सुगे होता.

मूल्यमापन : त्सुगेच्या ज्या साहित्यावर त्याची कीर्ती उभी आहे, ते काही शे पृष्ठांपेक्षा अधिक नाही. त्याने दीर्घ मालिका, लोकप्रिय नायक वा संप्रदाय निर्माण केला नाही. चौकटींमधील मौन, उलगडा न करता थांबणारे शेवट आणि तपशीलवार पार्श्वभूमीवरची क्षीण माणसे ही त्याची वैशिष्ट्ये मात्र पुढील पिढ्यांतील चित्रकथाकारांनी, जपानबाहेरही, आत्मसात केली. त्याच्या प्रकाशनाचा इतिहास हाही या साहित्याच्या अर्थाचा भाग आहे. भाड्याच्या दुकानांनी त्याला हात दिला व ती बुडाली, ‘गारो’ने स्वातंत्र्य दिले, पण पोट भरण्याइतके मानधन दिले नाही, व्यावसायिक मासिकांनी पैसा दिला, पण ती वाट त्याला मानवली नाही. ‘नेजी-शिकी’तील तरुण आपली तुटलेली रक्तवाहिनी दाबून धरून ज्या गावातून फिरतो आणि ‘मुनो नो हितो’चा नायक ज्या नदीकाठी दगड मांडून बसतो, ती स्थळे एकमेकांपासून फारशी दूर नाहीत. दोघांनाही स्वतःजवळचे जे आहे त्याला घेणारा कोणी हवा आहे. पहिल्याची गोष्ट स्वप्नाच्या आणि दुसऱ्याची हिशेबाच्या भाषेत सांगितलेली आहे, एवढाच त्यांतील भेद होय.